वेतोबाच्या वहाणा आणि डब्लिनचं वाचक मंडळ

एप्रिलमधल्या एका गुरुवारी आमच्या वाचक मंडळात जवळजवळ भांडण झालं. डब्लिनच्या आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही बारा-चौदा जण जमतो, चहा-बिस्किटं असतात आणि सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून आलेलं असतं. यावेळी एका अद्भुत कादंबरीचा दुसरा भाग होता. नाव सांगत नाही, कारण पुढे शेवट फोडणार आहे आणि तुमच्यातल्या कोणाच्या हाती ती पडली तर माझ्यामुळे तुमची मजा जायला नको.

गोष्ट थोडक्यात अशी. पहिल्या भागात समुद्रकाठच्या गावातली एक मुलगी बुडणाऱ्या भावासाठी मृत्यूशी सौदा करते. भाऊ वाचतो आणि हिला मरण येणं बंद होतं. दुसरा भाग दोनशे वर्षांनंतरचा. भाऊ, त्याची मुलं, नातवंडं सगळी गेलेली, आणि ही शहरामागून शहरं बदलत फिरतेय. मग एक माणूस आवडतो आणि शेवटच्या पन्नास पानांत ती आपलं अमरत्व त्याला वाटून देते.

इथेच मंडळी बिनसली. पहिल्या भागात स्वच्छ सांगितलं होतं की हे देणं दुसऱ्याला देता येत नाही. एक बाई म्हणाल्या, लेखकाने शब्द मोडला, आता तिसऱ्या भागात काहीही होऊ शकतं, मग वाचायचं कशासाठी? एक गृहस्थ म्हणाले, जिला मरणच नाही तिच्या जिवाला घोर कसला, माझी तर छाती एकदाही धडधडली नाही. दोघा तरुणांना शेवट इतका आवडला होता की एकाचे डोळे बोलताना भरून आले. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. ते काय, हे तिथे बसून सापडलं नाही.

मे महिन्यात गावी, कोकणात शिरोड्याला आले तेव्हा पुस्तक पिशवीत होतं. आमच्याकडे रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे दिवस चालू होते. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवसांत घरात कोणी रिकाम्या हाताने बसत नाही. ओटीवर गोणपाट पसरलेलं, मधोमध लालजांभळ्या रातांब्यांचा ढीग आणि काकीच्या हाताखाली एक एक फळ दोन फाकांत उघडत होतं. बिया आणि गर मिठाच्या भांड्यात, सोलं म्हणजे साली सुपात. दुसऱ्या दिवशी सोलं उन्हात, मग परत त्याच रसात बुडवून परत उन्हात. रोज एक पूट. माझ्या बोटांचा रंग परत जाईपर्यंत उतरला नाही.

वीज गेली होती. काकी म्हणाली, "सांग मगे तुझ्या पुस्तकातली गजाल." मी जमेल तशी मराठीत सांगत गेले आणि ती गोष्ट तीन संध्याकाळी पुरली. ऐकायला काकी, काका, नववीतला पुतण्या आणि शेजारचे निवृत्त मास्तर.

पुतण्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "आत्या, तिला कोणी कोंडून ठेवलं तर? उपाशी राहिली तर? हात तुटला तर परत येतो?" आणि शेवट ऐकल्यावर तो उसळलाच. "पण पहिल्या भागात तर सांगितलेलं ना, देता येत नाही म्हणून!" डब्लिनच्या त्या बाईंचं वाक्य, शब्दाला शब्द. सात-आठ हजार किलोमीटर लांब, पन्नास वर्षांनी लहान, आणि राग तोच. मला फार बरं वाटलं. गोष्टीत दिलेला शब्द पाळावा, ही अपेक्षा जगभर सारखीच असावी.

काकीचे प्रश्न मात्र मी कुठेच ऐकले नव्हते.

"तिका मराणच नाय?"

"नाही."

"मगे ती करता काय दिवसभर?"

मी पुस्तक आठवू लागले. ती गाड्यांतून फिरते, गच्चीवर उभी राहते, जुनी पत्रं वाचते, पाऊस बघते. दोनशे वर्षांत तिने केलेलं एकही काम मला सांगता येईना.

"तिचा घर खय? शाकारता कोण?" काकीचे हात चालूच होते. "आणि ती कोणाचो म्हाळ घालता? भावाचो तरी?"

भावासाठी जिने मरण घालवलं, तिने पितृपक्षात भावाच्या नावाने पान वाढलं का? परदेशी लेखकाला म्हाळ कसा ठाऊक असणार, हे कबूल. पण प्रश्न रीतीच्या पलीकडचा आहे. गेलेल्यांचं ती काय करते? इतकी माणसं मागे टाकून येणारी बाई त्यांच्या नावाने काहीच करत नाही, दिवासुद्धा लावत नाही, हे डब्लिनमध्ये आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी 'ययाती' घेऊनच आले. शिरोड्यात हे पुस्तक घराघरांत आपलेपणाने ठेवलेलं असतं, कारण वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत होते. कादंबरी त्यानंतरची, १९५९ची, आणि ज्ञानपीठ १९७४चं, पण शिरोडेकरांच्या लेखी ते इथलेच मास्तर. आमचे मास्तर म्हणाले, "ययातीला तारुण्य मिळालं ते पुरूच्या अंगातून काढून. पोरगा म्हातारा झाला तेव्हा बाप तरुण झाला. तुमच्या पुस्तकात हे आयुष्य कोणाच्या वाट्याचं कापून दिलंय?" मी पानं उलटली. पहिल्या भागात तो हिशेब निदान भावापुरता तरी होता. दुसऱ्यात आयुष्य वाटलं जातं आणि कोणाचंच काही जात नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी चूक ही आहे. नियम मोडला हे त्याच्यापुढे लहान.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका मला आरवलीला घेऊन गेला. शिरोड्याहून आरवली म्हणजे शेजारच कसलं, परसातून परसात गेल्यासारखं. तिथला ग्रामदेव वेतोबा, त्याचं दर्शन मी लहानपणापासून घेत आलेय. त्याच्या वहाणा इतक्या वेळा पाहिल्यात की वर्षानुवर्षं पाहिल्याच नव्हत्या. यावेळी नीट पाहिल्या. जाड चामड्याच्या, एकेक वहाण माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि वहाणांचे जोड आणून वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. काकाने एक जोड दाखवला. टाचेकडे तळ पातळ झालेला, कडेची शिवण उसवायला आलेली. मी बोट फिरवलं, तिथे चामडं मऊ लागत होतं.

"झिजतात?" मी विचारलं. प्रश्न लहानपणीचाच होता.

"चलता मा तो. झिजतलीच."

तिथे उभी असताना मला त्या गुरुवारचं राहून गेलेलं सापडलं. पुस्तकातल्या बाईचं काहीच झिजत नाही. दोनशे वर्षांत एक चप्पलसुद्धा नाही. आपल्याकडचे न मरणारे मात्र सगळे कशाला तरी बांधलेले असतात. वेतोबाला गाव राखायचा आहे. चिपळूणजवळ डोंगरावर देऊळ असलेला परशुराम सात चिरंजीवांतला, आणि ही सगळी किनारपट्टी त्याने समुद्र मागे हटवून काढली, ही गोष्ट आपण दुधाबरोबर प्यालोय. अश्वत्थाम्याला कपाळावरची जखम वाहायची आहे, आणि ती आपणही थोडी वाहतो. काकी डोक्याला तेल लावण्याआधी बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर सोडते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते थेंब क्षणभर चमकतात आणि जिरतात. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा तिने सांगितलं होतं, तो तेल मागत फिरतो, त्याका पयला.

परत आल्यावर हे सगळं मंडळात सांगितलं. इंग्रजीत सांगताना "म्हाळ" या शब्दालाच दहा मिनिटं लागली, पण कोणी घड्याळ पाहिलं नाही. मग एकेक जण बोलू लागला. या शहराची अमरांशी जुनी ओळख आहे. लेखक जोनाथन स्विफ्ट इथल्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा १७१३पासून १७४५मध्ये मरेपर्यंत डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू होता. त्याच्या १७२६च्या पुस्तकात गलिव्हरला प्रवासात कधीच न मरणारी माणसं भेटतात, स्ट्रल्डब्रग नावाची. मरत नाहीत, पण म्हातारी होत राहतात. ऐंशीव्या वर्षी कायदा त्यांना मेलेलं धरतो आणि वारस मालमत्ता घेऊन मोकळे होतात. भाषा बदलत जाते, म्हणून दोनशे वर्षांनी त्यांना शेजाऱ्याशीही बोलता येत नाही, आपल्याच देशात ती परकी होऊन राहतात. जन्मताच त्यांच्या डाव्या भुवईवर तांबडा ठिपका असतो. हे मी काकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कपाळारच? अश्वत्थाम्यासारख्या?" दोन गोष्टींची एकमेकींशी कधी गाठ पडली नसेल, तरी खूण दोन्हीकडे कपाळावरच.

आणि मग मंडळातल्या सगळ्यांत वयस्क आजी बोलल्या. त्या आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, एरवी फक्त ऐकतात. त्यांनी आयरिश दंतकथेतल्या ओशीन या वीराची गोष्ट सांगितली. नीव नावाची राजकन्या ओशीनला पांढऱ्या घोड्यावरून तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशात नेते. तीन वर्षांनी त्याला घरची ओढ लागते. नीव म्हणते, जा, पण घोड्यावरून उतरू नकोस. तो येतो तर इकडे तीनशे वर्षं उलटलेली. सोबती नाहीत, घर नाही. वाटेत काही माणसं मोठा दगड हलवायला धडपडत असतात, हा मदतीला वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो आणि पाय जमिनीला लागताच तो जख्ख म्हातारा होतो. हे जिथे घडलं म्हणतात ती दरी, ग्लेनास्मोल, डब्लिनच्या कडेलाच आहे.

मी इथे अकरा वर्षं आहे. ही गोष्ट ऐकताना माझे हात गार पडले. दर मे महिन्यात शिरोड्याच्या तिठ्यावर उतरते तेव्हा एखादं दुकान नाहीसं झालेलं असतं, एखादं माणूस. पुतण्या असे शब्द बोलतो जे मला कळत नाहीत आणि माझ्या तोंडून असे येतात जे आता गावात कोणी वापरत नाही. काकीने यंदा "मिरग" म्हटलं तेव्हा मी एक क्षण थबकले. मृग नक्षत्र! माझ्या आजोळचा शब्द. अमरत्वाच्या गोष्टींत मरण न येणं कदाचित भीतीचं नसेलही. घोड्यावरून उतरायची वेळ येते, ते भीतीचं आहे.

आमच्या पुस्तकात ही जागा होती. एका प्रकरणात नायिका आपल्या गावी परत येते, घराचा चौथरा उरलेला असतो, ती अर्धं पान तिथे उभी राहते आणि लेखक तिला पुढच्या शहरात घेऊन जातो. ना कोणी तिला विचारत, कोणाची तू? ना ती कोणाला विचारत, ही विहीर कधी बुजवली? त्या अर्ध्या पानाची पन्नास पानं व्हायला हवी होती.

काल काकीला फोन केला. तिकडे साडेचार तास पुढे, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. पाऊस एवढा की पन्हळीचा आवाज फोनमधून येत होता. सोलं भरून झाली, माझ्या वाटणीची बरणी बांधून ठेवलीय, येणाऱ्याबरोबर पाठवते म्हणाली. मग तिने विचारलं, तिसरो भाग येतलो काय? येणार आहे म्हणे, मी सांगितलं.

"मगे त्या लिवणाऱ्याक सांग," ती म्हणाली, "तिका एकदा तरी घराक पोचय म्हणान."