प्लेयर्स चॅम्पियनशिपची वही : एक स्पर्धा, दोन याद्या

गोल्फमधल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या पूर्वतयारीची वही ठेवायला लागल्यापासून हे पाचवे वर्ष आहे, आणि मार्च 2026 च्या स्पर्धेसाठी पाने आखताना पहिल्यांदाच मी दोन वेगळ्या याद्या करत आहे. एक यादी विजेत्यावर किंवा वरच्या स्थानांवर पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने आहे, तर दुसरी फँटसी संघासाठी आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या खेळावर गुण मिळवण्यासाठी. आजवर मी एकच क्रमवारी तयार करून ती दोन्हीकडे वापरत आलो. मागची चार वर्षे पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की माझ्या बहुतेक चुका खेळाडू ओळखण्यात नव्हत्या, तर चांगला खेळाडू चुकीच्या यादीत घालण्यात होत्या. (वहीतले भाव खरे असतात, पण डाव केवळ कागदावरच्या एककांत मांडलेले असतात, त्यामुळे चुका शांतपणे मोजता येतात.)

ही गोष्ट मला 2022 च्या पानाने शिकवली. त्या वर्षी फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या मैदानावर पाऊस आणि वारा यांनी स्पर्धा सोमवारपर्यंत लांबवली आणि कॅमेरॉन स्मिथ उणे 13 वर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 13 कमी) जिंकला. शेवटच्या फेरीत त्याने 66 फटके घेतले, पण त्याच्या गुणपत्रिकेत पार (होलासाठी ठरलेले तेवढेच फटके) फक्त चार होते. उरलेल्या होलांपैकी 10 बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) आणि 4 बोगी (एक जास्त). आता हेच 66 ड्राफ्टकिंग्ज या फँटसी कंपनीच्या नेहमीच्या गुणपद्धतीत घालून पाहा. बर्डीला 3, पारला अर्धा आणि बोगीला उणे अर्धा गुण मिळतो. बर्डींचे 30 गुण होतात, पार आणि बोगी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सलग तीन बर्डींबद्दलचे जादा 3 गुण धरले की बेरीज 33 भरते. दुसऱ्या कोणी सहा बर्डी आणि बारा पार अशी नीटनेटकी 66 ची फेरी केली, तर 18 अधिक 6 आणि फेरीत एकही बोगी नसल्याबद्दलचे 3 मिळून 27 गुण होतात. स्पर्धेच्या फलकावर दोघेही बरोबरीत असतात, फँटसीत मात्र सहा गुणांचे अंतर पडते.

सॉग्रासवर हा फरक इतर मैदानांपेक्षा जास्त का जाणवतो, याचे उत्तर मैदानाच्या रचनेत आहे. पीट डाय यांनी आखलेल्या या मैदानावर 1982 पासून ही स्पर्धा होते आणि शेवटच्या तिन्ही होलांना पाणी लागून आहे. सोळावा पार पाचचा आहे, जिथे धाडस केल्यास ईगलची (पारपेक्षा दोन फटके कमी) संधी असते. अठराव्याच्या संपूर्ण डाव्या अंगाला तळे आहे. आणि मधला सतरावा म्हणजे 137 यार्डांवरचे ते सुप्रसिद्ध बेटावरचे ग्रीन (होलाभोवतीची गुळगुळीत हिरवळ), ज्याची कल्पना ॲलिस डाय यांनी सुचवली होती. अंतर पाहिले तर तो हातात वेज (कमी अंतराचा क्लब) घेऊन खेळायचा फटका आहे. वारा नसेल तेव्हा व्यावसायिक खेळाडूला त्याचे काही विशेष नसते, पण वारा फिरायला लागला की तोच माणूस पिशवीपाशी उभा राहून दोनदा क्लब बदलताना दिसतो. चेंडू पाण्यात गेला आणि डबल बोगी झाली, तर फँटसीत उणे 1 मिळतो, म्हणजे पारच्या तुलनेत दीड गुणाचा तोटा होतो आणि तो एका बर्डीच्या निम्माच असतो. पैज लावणाऱ्यासाठी मात्र ते दोन फटके असतात, आणि 2019, 2021, 2022 व 2024 या चारही वर्षी विजय अवघ्या एका फटक्याने ठरला आहे. 2025 मध्ये तर रॉरी मॅकिलरॉय आणि जे. जे. स्पॉन यांची बरोबरी झाली आणि सोमवारी याच तीन होलांवर निर्णय लागला. स्पॉनचा सतराव्यावरचा चेंडू ग्रीन ओलांडून पाण्यात गेला. म्हणून बर्डीही करणारा आणि बुडणाराही खेळाडू मी यंदा फँटसीच्या यादीत वर आणि विजेत्याच्या यादीत खाली ठेवतो आहे.

दुसरा बदल मैदानावरच्या जुन्या कामगिरीबाबत आहे. 2007 ते 2018 या काळात ही स्पर्धा मे महिन्यात होत असे, आणि 2019 पासून ती पुन्हा मार्चमध्ये आली. मार्चमध्ये मूळच्या बर्म्युडा गवतावर हिवाळी गवताची पेरणी केलेली असते, हवा गार असते आणि वारा वेगळा असतो. मेमध्ये बर्म्युडाच राज्य करते. त्यामुळे 2018 पर्यंतचे निकाल मी वेगळ्या रकान्यात हलवले, आणि तसे करताच माझे दोन-तीन आवडते ‘सॉग्रासचे जाणकार’ अगदी सामान्य दिसू लागले. उरलेल्या इतिहासावरही फार विसंबू नये असे वाटते. मॅकिलरॉय 2019 चा विजेता होता. 2020 ची स्पर्धा पहिल्या फेरीनंतर रद्द झाली, आणि 2021 मध्ये गतविजेता म्हणून उतरल्यावर तो पहिल्याच दिवशी 79 वर गेला आणि कटमध्ये, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच्या छाटणीत, बाद झाला. याच खेळाडूने 2025 मध्ये पुन्हा चषक घेतला. इतिहासाच्या रकान्याचे वजन मी त्यामुळे निम्म्यावर आणले आहे.

वाचलेले वजन ग्रीनवर पोचवणाऱ्या फटक्यांकडे, म्हणजे ॲप्रोचकडे गेले. मार्क ब्रॉडी यांनी मांडलेली ‘स्ट्रोक्स गेन्ड’ मोजणी (सरासरीच्या तुलनेत किती फटके कमावले) बहुतेकांना माहीत असते, तरी पटिंगचे, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलात ढकलण्याचे, उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूला सरासरी दीड फटका लागतो. चेंडू एकात घातला तर अर्धा फटका कमावला आणि दोन लागले तर अर्धा गमावला. असा आठवडा कुणाचाही चांगला किंवा वाईट जाऊ शकतो. अव्वल खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीचा सुमारे 40 टक्के भाग ॲप्रोचमधून आणि सुमारे 15 टक्के पटिंगमधून येतो, असे ब्रॉडी यांच्या विश्लेषणात दिसते. म्हणून मागच्या दोन स्पर्धांत केवळ पटिंगच्या जोरावर वर आलेल्या खेळाडूचा भाव उतरला असेल, तर मी त्याला पैजेच्या यादीतून काढतो.

अर्थात या पद्धतीलाही तडे आहेत. 2022 मध्ये जागतिक क्रमवारीत 322 वा असलेला अनिर्बन लाहिरी स्मिथच्या मागे एकाच फटक्याने दुसरा आला. मी त्याचे नाव पहिल्याच चाळणीत खोडले होते, आणि ती खोडलेली ओळ अजूनही वहीत तशीच ठेवली आहे.

यंदाचा खरा मोठा बदल मात्र सहभागींच्या संख्येत आहे, आणि फँटसी खेळणाऱ्यांनी त्याकडे नीट पाहावे असे मला वाटते. आतापर्यंत 144 खेळाडू उतरत आणि पहिले 65 व बरोबरीतले कट पार करत. यंदापासून खेळाडू 120 आणि कट तोच आहे. सगळ्यांची शक्यता सारखी धरली (जे खरे नाही, पण हिशेबाला सोपे आहे), तर एकाची कट पार करण्याची शक्यता 45 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर जाते. फँटसी संघातले सहाच्या सहा खेळाडू शनिवारी खेळत असण्याची शक्यता पूर्वी साधारण 118 मध्ये एक होती, ती आता 40 मध्ये एक होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ‘सहाही टिकले’ हे इतके दिवस जिंकणाऱ्या संघाचे लक्षण होते, ते आता अनेकांकडे असेल. त्यामुळे केवळ कट पार करतील अशा भरवशाच्या नावांनी संघ भरण्यापेक्षा बर्डी मारणारे घेणे मला जास्त योग्य वाटते. स्कॉटी शेफलर घेतला तर काय, हा प्रश्न याच हिशेबात बसतो. समजा त्याचा पगार (संघात घेण्याची किंमत) 13,000 लागला, तर संघासाठीच्या एकूण 50,000 मधून उरलेल्या पाच जणांना सरासरी 7,400 मिळतात. पूर्वी त्या किमतीचे पाचही जण टिकणे अवघड होते, आता ते तुलनेने सोपे आहे. फँटसीच्या यादीत तो आहे. पैजेच्या यादीत त्याचा भाव इतका कमी असतो की त्यात काही उरत नाही.

पैजेच्या बाजूला एक कडू नोंद आहे. 2024 मध्ये शेफलर उणे 20 वर जिंकला आणि विंडहॅम क्लार्क, झँडर शॉफेले व ब्रायन हार्मन हे तिघे उणे 19 वर दुसरे आले. मी हार्मनवर ‘पहिल्या तिघांत’ असे 3 एकक 11 च्या भावाने (जिंकल्यास डावाच्या 11 पट) मांडले होते आणि मनात 33 एकक जमाही करून टाकले होते. पण बरोबरीच्या नियमानुसार उरलेल्या दोन जागांवर तीन दावेदार, म्हणून डावाचा दोन तृतीयांश भागच ग्राह्य धरला जातो आणि हाती 22 येतात. बरोबरीतही पूर्ण रक्कम चुकती करणारे काही पैज घेणारे असतात, म्हणून आता भावाच्या शेजारी नियमाचाही रकाना आखला आहे. ‘पहिल्या दहांत’ या पैजेत तर बरोबरी जवळजवळ गृहीतच धरावी लागते.

दोन्ही याद्यांतली शेवटची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. 2022 मध्ये मी बुधवारी लवकरच संघ लावून मोकळा झालो आणि नंतर एका तुकडीला वाऱ्याचा सगळा मार बसताना पाहत राहिलो. यंदा टी टाइम (खेळ सुरू करण्याच्या वेळा) जाहीर झाले की गुरुवारी दुपारी व शुक्रवारी सकाळी खेळणाऱ्यांची आणि त्याच्या उलट तुकडीची नावे दोन रंगांत लिहीन, बुधवारी रात्री वाऱ्याचा तासावारी अंदाज त्यांच्यासमोर ठेवीन आणि मगच ती जागा भरीन.