सोन्याच्या पातळ थराचे प्रकाशीय मोजमाप : माझा अनुभव

नागपूरला एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला सोन्याच्या थरावर चालणारा प्लाझ्मॉन संवेदक करायचा होता. प्लाझ्मॉन म्हणजे प्रकाशाने धातूच्या पृष्ठभागावर उठणारी इलेक्ट्रॉनांची लाट. त्याच्या गणितासाठी सोन्याचे प्रकाशीय स्थिरांक लागतात, आणि बहुतेक जण जॉन्सन व ख्रिस्ती यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे घेतात. त्यांत 633 नॅनोमीटर तरंगलांबीला अपवर्तनांक सुमारे 0.18 आणि विलोपन गुणांक (प्रकाश धातूत किती झपाट्याने विझतो ते सांगणारा आकडा) सुमारे 3.4 आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "ते त्यांच्या थराचे आकडे आहेत, तुझा थर तू मोज."

पावसाळ्यात निर्वात कक्ष उघडला की दमट हवेतले पाणी आतल्या भिंतींना चिकटते आणि पंपाला ते उपसायला फार वेळ लागतो, म्हणून थर देण्याचे काम मी दिवाळीनंतरच काढले. सोने काचेला नीट धरत नाही. आधी दोनेक नॅनोमीटर क्रोमियम द्यावे लागते. त्यावर टंगस्टनच्या बोटीतून सोन्याची वाफ सोडून 50 नॅनोमीटरचा थर दिला. एक चौरस सेंटीमीटरवर एवढ्या थरात जेमतेम 0.1 मिलिग्रॅम सोने बसते. इतवारीच्या सराफ्यात ते कुणी वजनात धरणार नाही. कक्षाच्या भिंतींवर वाया जाते ते मात्र कितीतरी जास्त. तयार काच ट्यूबलाइटसमोर धरली तर समोरून पिवळी चमकते आणि आरपार हिरवट दिसते, कारण साधारण 520 नॅनोमीटरच्या खाली सोने प्रकाश परतवण्याऐवजी शोषू लागते, लाल प्रकाश मात्र बहुतेक परत फेकते.

खरी अडचण एलिप्सोमीटरवर, म्हणजे परावर्तनात प्रकाशाचे ध्रुवण कसे बदलते ते मोजणाऱ्या उपकरणावर आली. प्रत्येक तरंगलांबीला हे उपकरण दोनच राशी देते आणि अज्ञात असतात तीन: अपवर्तनांक, विलोपन गुणांक आणि जाडी. त्यामुळे जाडी थोडी बदलली तरी दुसरीच जोडी तितकीच चांगली जुळते. थर देताना कक्षात जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मापकावरही विसंबता येत नाही. तो वस्तुमान मोजतो आणि ठोस सोन्याची घनता गृहीत धरून जाडी सांगतो. म्हणून काचेचा एक कोपरा झाकून पायरी ठेवली, तिची उंची प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचे चढउतार मोजणाऱ्या उपकरणाने) घेतली, त्याच काचेचे पारगमन, म्हणजे आरपार जाणारा प्रकाश, स्पेक्ट्रोमीटरवर मोजले आणि सगळी मापे एकत्र जुळवली.

विलोपन गुणांक जॉन्सन-ख्रिस्तींच्या आकड्याजवळच आला, पण अपवर्तनांक त्याहून जास्त निघाला. धातूतला प्रकाशाचा ऱ्हास या दोघांच्या गुणाकाराच्या दुपटीवर ठरतो आणि थरातल्या बारीक स्फटिककणांच्या सीमांवर इलेक्ट्रॉन विखुरले की तो वाढतो, तेव्हा हा फरक क्षुल्लक नव्हता. लोलकावर काच बसवून 44 अंशांच्या आसपास परावर्तनातला खळगा पाहिला (प्रकाश प्लाझ्मॉन उठवण्यात खर्ची पडला की परावर्तन तिथे घटते), तर जॉन्सन-ख्रिस्तींच्या आकड्यांनी तो अरुंद सांगितला होता; प्रत्यक्षात रुंद होता, आणि माझ्या आकड्यांनी काढलेला त्याच्याशी बराच जुळला. उरलेल्या रुंदीत क्रोमियमचा वाटा दिसत होता. पुढच्या काचांवर त्याऐवजी मर्कॅप्टोसिलेनचा (एका टोकाने काचेला, दुसऱ्या टोकाच्या गंधकाने सोन्याला धरणाऱ्या रेणूंचा) रेणूथर घेतला. सोने त्यालाही धरते आणि त्यात प्रकाश जवळजवळ शोषला जात नाही.