अळवाच्या तळ्यातला डोडो

मॉरिशसच्या विमानतळापासून ‘मार ओ सोंज’ हे जुनं दलदलीचं तळं अगदी जवळ आहे. ‘सोंज’ म्हणजे क्रिऑलमध्ये, इथल्या बोलीभाषेत, अळू, असं चालकदादांनी सांगितलं आणि मला आमच्या न्हाणीमागचं अळू आठवलं. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आलेले. मराठी त्यांना आता आरतीपुरतीच येते, त्यामुळे आमचं संभाषण दोघांच्याही मोडक्या हिंदीत.

तळं बघायला म्हणून जाल तर फसाल. मलेरियाच्या भीतीने ब्रिटिशांच्या काळात ही दलदल दगड टाकून बुजवली. आता वर झुडपं, भोवती ऊस, आणि खाली हाडं.

1865 साली जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना इथे डोडोची, म्हणजे या बेटावरच्या न उडणाऱ्या, आता नामशेष झालेल्या पक्ष्याची, हाडं मिळाली. मिळाली म्हणजे काय, तर मजूर कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि अनवाणी पायांनी गाळ चाचपत राहिले. तळव्याला टोचलं की हाड! मास्तरांचं नाव राहिलं, तळव्यांचं नाही. हे ऐकून चालकदादा म्हणाले, “हमारा ही कोई आदमी रहा होगा.”

2005 पासून डच आणि मॉरिशियन संशोधकांनी इथे पुन्हा खणलं. हाडांचा थर निघाला सुमारे 4200 वर्षांपूर्वीचा. त्यात सर्वांत जास्त हाडं राक्षसी कासवांची, डोडो त्या मानाने थोडे. मोठा दुष्काळ पडला, आटत्या तळ्याकडे जनावरं पाण्यासाठी आली आणि तिथेच मेली. मी इतकी वर्षं समजत होतो की डोडोची हाडं म्हणजे खलाशांच्या शिकारीचा पुरावा. इथे तर माणसाचा मागमूसही नाही! आणि मुख्य म्हणजे, एवढ्या दुष्काळातूनही डोडो तगला. पुढे हजारो वर्षं बेटावर नांदला.

मग 1598 मध्ये डच उतरले. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या अंड्यांना राखण कोण करणार? डोडो दिसल्याची शेवटची भरवशाची नोंद 1662 ची. म्हणजे 64 वर्षं, एका माणसाचं आयुष्य.

व्ह्यू ग्रां पोर्टला डचांच्या फ्रेडरिक हेंड्रिक किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथल्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या उकिरड्यात पाळीव जनावरांची हाडं सापडली, डोडोचं एकही नाही. खाऊन टाकायलाही तोवर उरलाच नव्हता. उकिरड्यात जे नाही तेही वाचायचं असतं, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी होडीने इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर. इथली मूळ कासवंही संपली, म्हणून 2000 पासून सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची राक्षसी कासवं आणून सोडलीत. ती एबनी या काळ्या लाकडाच्या झाडाची फळं खातात आणि बिया पसरवतात. गाईडने काटकीने वाळलेली लीद फोडून दाखवली. आत चार काळ्या बिया होत्या. चालकदादांनी एक उचलली, पुसली आणि गुपचूप पुन्हा लिदीत खोचली.