तयार मॉड्यूल मिळत असताना स्वतःचा कन्व्हर्टर कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा थोडाफार अभ्यास केला आहे, ते तर हमखास विचारतात: चोवीस व्होल्टचे पाच व्होल्ट करायला बाजारात शंभर रुपयांच्या आत तयार मॉड्यूल मिळते, मग कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या छोट्या कारखान्यात त्याच कामासाठी वेगळे सर्किट का बनवता आणि त्यात इतके दिवस का घालवता?

आम्ही तासगाव, पलूस भागातल्या द्राक्षबागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो. त्यांतले सोलेनॉइड व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीवर चालतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर तेवढ्याचाच असतो. हे एसी चार डायोडच्या ब्रिजमधून डीसी केले की कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो आणि त्यावर चोवीस नव्हे, सुमारे ३३ व्होल्ट उभे राहतात. येथे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवून पाच व्होल्ट देणारा जुना ७८०५ रेग्युलेटर लावला, तर ०.३ अँपिअरच्या सरासरी भाराला उपयोगी काम दीड वॅटचे होते आणि ८.४ वॅट नुसती उष्णता होऊन जाते. शिवाय त्याची कमाल मर्यादाच ३५ व्होल्टची आहे. म्हणून बक कन्व्हर्टर. तो जादा व्होल्टेज जाळत नाही. स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि कॉइल त्या तुकड्यांची सरासरी काढून भाराला देते.

कागदावरचा हिशोब अर्ध्या तासाचा आहे. कंट्रोलरमधला मोबाईल मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, म्हणून तेवढा भार धरायचा. कॉइलमधला चढउतार त्याच्या ३० टक्के, म्हणजे ०.६ अँपिअर ठेवायचा. बाजारातल्या मॉड्यूलवर असते त्या एलएम२५९६ या बक चिपची गती, म्हणजे स्विचच्या उघडझापीची वारंवारता, १५० किलोहर्ट्झ आहे, आणि ३३ वरून ५ व्होल्टला उतरताना कॉइल बरोबर ४७ मायक्रोहेन्रीची येते. बाजारातल्या कित्येक मॉड्यूलवर नेमकी हीच कॉइल असते, मग अडचण कोठे आहे?

अडचण ३३ या आकड्यात आहे. रात्री पंप बंद झाले, लाइनवरचा भार उतरला, की बागेतल्या खांबावरचे २३० व्होल्ट २७० पर्यंत चढलेले मी पाहिले आहेत. त्याच वेळी व्हॉल्व्हही बंद असतील, तर ट्रान्सफॉर्मर रिकामा असतो, आणि रिकामा छोटा ट्रान्सफॉर्मर पाटीवरच्या आकड्यापेक्षा सहज दहा टक्के जास्त देतो. दोन्ही एकत्र धरले की कपॅसिटरवर ४२ व्होल्टच्या आसपास येतात, आणि एलएम२५९६ ला चाळीसच्या वर चालवू नये असे तिच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. आम्ही म्हणून ६० व्होल्ट सोसणारी एलएम२५७६एचव्ही घेतो. तिची गती ५२ किलोहर्ट्झच असल्यामुळे कॉइल जवळजवळ तिप्पट, १५० मायक्रोहेन्रीची लागते आणि बोर्डवर जागाही जास्त खाते. मला हा सौदा मान्य आहे. स्वस्त मॉड्यूलची मात्र गंमत अशी, की काहींवर नाव २५९६ चे असते आणि ऑसिलोस्कोप लावला तर गती पन्नासच्या आसपास निघते. म्हणजे ४७ ची कॉइल तेथे मुळातच अपुरी.

उरलेला वेळ बोर्डच्या आखणीत जातो, आणि माझ्या मते हे काम शिकवताना सर्वांत कमी शिकवले जाते. इनपुट कपॅसिटर, स्विच आणि डायोड यांच्यामधून प्रवाह एकदम तुटतो आणि एकदम सुरू होतो. दोन अँपिअर वीस नॅनोसेकंदांत तुटले, तर दोन सेंटिमीटर जादा पट्टीवर सुमारे दोन व्होल्टचा काटा उठतो. म्हणून तो कपॅसिटर चिपला अगदी खेटून असावा आणि डायोड शॉटकी म्हणजे झटकन बंद होणाऱ्या जातीचाच असावा, घरात पडलेला १एन४००७ हा साधा, मंद डायोड चालत नाही. आउटपुटच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये काटकसर करू नये. पत्र्याची पेटी मे महिन्यात उन्हात तापते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

रेडिओचाही एक मुद्दा आहे. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची. १५० ची चिप प्रत्यक्षात १५६ वर धावत असेल, तर तिच्या गतीची आठवी पट (हार्मोनिक) १२४८ वर येते आणि पेटीशेजारी ठेवलेल्या रेडिओत शिट्टी वाजते. चिपगणिक गती थोडी वेगळी असतेच, त्यामुळे गतीवर भरवसा न ठेवता इनपुटला लहानसा फिल्टर द्यावा लागतो.

शेवटी प्रत्येक नमुना डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, २७० व्होल्टला चढवून, व्हॉल्व्ह काढून, रात्रभर चालू ठेवतो. तुमच्या उपकरणाला बारा व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर असेल आणि ते घरात टेबलावर राहणार असेल, तर यातले काहीही करू नका. तयार मॉड्यूल घ्या, फक्त त्याची गती एकदा मोजून पाहा.