कोलनवॉटरच्या पट्ट्या आणि पाळण्याजवळची बाटली

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूरला आली आहे आणि दीड महिन्यांच्या भाचीमुळे आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराचे वेळापत्रक पार बदलून गेले आहे. परवा रात्री बाळाचे अंग कोमट लागले, तेव्हा आईने सवयीने कपाटातली कोलनवॉटरची, म्हणजे सुगंधी स्पिरिटची, बाटली काढली. आमच्या लहानपणी ताप आला की कपाळावर त्याच्याच पट्ट्या पडत, आणि त्या वासानेच अर्धा ताप उतरल्यासारखे वाटे. आडवे आले ते बाबा. त्यांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, मळीपासून निघणारे स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, तपासण्यात गेली. "अगं, ते उडून जातं म्हणजे नाहीसं होत नाही," ते म्हणाले, "खोलीतल्या हवेत मिसळतं, आणि ती हवा तीच घेणार."

दुपटे आणि कुंची काढून पाव तासाने काखेत थर्मामीटर लावला, तर 98.4 निघाला, बाळ फक्त जास्त गुंडाळले गेले होते. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असता, तर तीन महिन्यांच्या आतील बाळाला त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यावे लागले असते. मग पट्ट्यांचा प्रश्नच उरला नसता.

बाबांचे म्हणणे मला पुढे वाचनातून अधिक उलगडले. स्पिरिटने कातडी झटकन गार पडते, रक्तवाहिन्या आकसतात, बाळ कुडकुडू लागते आणि आतली उष्णता आतच राहते. शिवाय वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून त्वचेतून आणि श्वासातून गेलेले थोडेसे द्रव्यही त्याला भारी पडू शकते. इथेनॉलने, म्हणजे दारूतल्याच अल्कोहोलने, लहान मुलांची रक्तातली साखर उतरते. आयसोप्रोपिल या दुसऱ्या प्रकारच्या अल्कोहोलचे यकृतात ॲसिटोन होते. दोन्हींनी गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो. स्पिरिटने अंग पुसल्यावर मुले बेशुद्ध पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अकाली जन्मलेल्या बाळांची त्वचा तर इतकी कोवळी असते की पाठीखाली साचलेल्या स्पिरिटने ती भाजते.

नाळेचेही तसेच. शेजारच्या काकूंनी स्पिरिटचा बोळा सुचवला होता, पण दवाखान्यातल्या सिस्टरांनी नाळ नुसती कोरडी ठेवायला सांगितले होते. स्पिरिटने नाळ उलट उशिरा गळते.

आता घोळ लेबलांचा. ओल्या वाइप्सच्या पाकिटावर भिंग धरून आईने विचारले, "यात दारू आहे का गं?" सिटाइल आणि सिटोस्टिअरिल अल्कोहोल ही नावापुरती अल्कोहोल आहेत, ते मेणचट पदार्थ असून क्रीम मऊ करण्यासाठी घालतात, त्यांना भिण्याचे कारण नाही. बेंझिल अल्कोहोलचा इतिहास मात्र वेगळा आहे. ते परिरक्षक (टिकाऊपणासाठीचे द्रव्य) म्हणून मिसळलेले द्रव शिरेतून दिल्याने अमेरिकेत अकाली जन्मलेली काही बाळे दगावल्याचे 1982 मध्ये उघड झाले. वाइप्समध्ये ते अगदी अल्प असते आणि शिरेत जात नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने तोलता येत नाहीत. तरीही आम्ही ते पाकीट बाजूला ठेवून कोमट पाण्यात भिजवलेले सुती कापड वापरतो, कारण तेवढ्याने भागते.

सॅनिटायझर आम्ही सोडलेला नाही. निदान 60 टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर मोठ्यांच्या हातांसाठी कामाचा आहे. फक्त वीस-तीस सेकंद हात चोळून पूर्ण कोरडे झाल्याखेरीज बाळाला घ्यायचे नाही, कारण तिची मूठ आणि आपले बोट शेवटी तिच्याच तोंडात जाते. आमच्या घरात आणखी एक धोका होता. न्हाऊ घातल्यावर आई वेखंड-ओव्याची धुरी देते, आणि निखाऱ्यांची ती शेगडी व सॅनिटायझरची बाटली एकाच पाटाजवळ असत. बाबांनी ती बाटली दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवली. बारशाला आलेल्या आत्याबाईंना तिथेच थांबवून आईने तीसपर्यंत अंक मोजायला लावले, त्या "आता बाळाला बघायलाही परीक्षा द्यायची काय!" म्हणाल्या, पण मोजले.