ग्लॅमिसच्या वाळूत: परमिट बग्गीचं नाही, गाडीचं

सॅन डिएगोहून पूर्वेकडचा घाट उतरला की इम्पीरियल व्हॅली लागते. समुद्रसपाटीच्याही खालची जमीन, कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर पिकणारी. ब्रॉली गावापर्यंत लसूणघासाची हिरवीगार शेतं असतात. पुढे ७८ नंबरच्या हायवेवर ती संपतात आणि थोड्याच वेळात समोर वाळूच उभी राहते. ग्लॅमिसजवळचा हा अल्गोडोन्स नावाचा वाळूच्या टेकाडांचा पट्टा ४० मैलांहून लांब आहे, आणि त्यातली काही टेकाडं ३०० फुटांपर्यंत चढतात.

वाळूत गाड्या उधळायला इथे येणाऱ्यांना परमिट लागतं; ते आम्ही वाटेतच घेतलं. तुम्हीही तसंच करा. १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल हा इथला हंगाम. आम्ही गेलो तेव्हा आठवड्याचं परमिट आधी घेतल्यास ३५ डॉलर आणि तिथे पोहोचून घेतल्यास ५० होतं. पूर्ण हंगामाचं १५०. दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही.

मित्राचे वडील पुण्याहून आले होते. पिकअपच्या काचेवर परमिट लावताना त्यांनी विचारलं, "अरे, वाळूत उधळणार ती ट्रेलरवरची बग्गी. मग पैसे या गाडीचे का?"

"काका, बग्गीच्या ऑफ-रोड नोंदणीचं स्टिकर राज्याकडून वेगळं घ्यावं लागतं. हे परमिट माणसांना इथवर आणणाऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं."

माझी जीपही रस्त्यावरून आलेली, म्हणून तिचं परमिट वेगळं. एकाच तळावर दोन गाड्या, दोन परमिटं.

मला हा हिशेब अगदी रास्त वाटतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत इथे लाखभर माणसं उतरतात. त्यांच्यासाठी संडास लागतात, कचरा उचलावा लागतो, रेंजर लागतात, टेकाडामागे कुणी उलटलं तर धावून जाणारे लागतात. हा भार माणसांमागे वाढतो, मग ट्रेलरवर एक बग्गी असो की तीन. शिवाय २००४ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा शुल्कातला मोठा वाटा त्याच जागेवर खर्च व्हायला हवा. वाळवंटात, गाव इतकं लांब असताना, स्वच्छ संडास मिळतो तो यातूनच.

वाळूत शिरण्याआधी जीपच्या चाकांतली हवा ३५ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं माप) १५ वर आणली. व्हॉल्व्हशी टेकून बसायचं, सुस्कारा ऐकायचा, मीटर बघायचा, परत सोडायची. चाक खाली पसरट होतं आणि मग तीच जीप वाळूवर तरंगल्यासारखी चालते. गाडीला लावलेल्या काठीवरचा झेंडा जमिनीपासून ८ फूट उंच हवा. टेकाडाच्या पलीकडून येणाऱ्याला तुमच्या गाडीआधी तोच दिसतो, त्यामुळे यात हयगय नको.

हायवेलगतच्या ऑस्बोर्न ओव्हरलूक या उंचावरच्या जागी जरूर थांबा, तिथून सगळी वाळू दिसते. हायवेच्या दक्षिणेला चाकांच्या रेघाच रेघा. उत्तरेचा भाग मात्र संरक्षित, तिथे कुठलंच वाहन जात नाही. काका तिकडे अनवाणी बरंच चालून आले.

पुढच्या हिवाळ्यात दोन्ही कुटुंबं एकाच मोठ्या गाडीतून जाणार आहोत, म्हणजे एक परमिट वाचेल. आणि जायचं ते थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरल्यावर, सोमवार ते गुरुवार.