डालेक बांधणी: घेराचे 56 गोळे, होडीच्या फायबरमध्ये

डालेक म्हणजे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतले चिलखती परग्रहवासी. माणूस आत बसेल अशी त्याची प्रतिकृती बांधणं चालू आहे. घेराच्या (खालच्या घागऱ्यासारख्या भागाच्या) 56 अर्धगोलांपैकी 38 साच्यातून निघाले. नमुना 'डॉक्टर हू'मध्ये डिसेंबर 1963ला पहिल्यांदा दिसलेल्या डालेकचा धरला आहे: रेमंड क्युसिक यांचा आराखडा, चंदेरी अंग, निळे गोळे. 14 उभ्या ओळी, प्रत्येकीत चार. यात काटछाट करू नये. एक ओळ जरी गाळली तरी घेर बोडका दिसतो.

बांधणीच्या पुष्कळ नकाशांत घेर एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) असतो. किनारपट्टीवर तो विचारच सोडावा. एका पावसाळ्यात त्याच्या कडा चहात बुडवलेल्या बटरासारख्या फुगतात. सांगाड्याला आयएस 710 या भारतीय मानकाचा 12 मिमी मरीन प्लाय, कापलेल्या प्रत्येक कडेला रेझिनचा (घट्ट होऊन कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) हात, आणि स्क्रू एसएस 316 या स्टेनलेस स्टीलचेच. बाकी सगळं फायबर (काचतंतू आणि रेझिन), रत्नागिरी-मालवणला होड्यांना मारतात तेच.

गोळा 4 इंच व्यासाचा, मागे 15 मिमीची किनार. किनार आतून प्लायला चिकटते आणि गोळा भोकातून बाहेर डोकावतो. एका गोळ्याला 15 ग्रॅम जेलकोट (साच्यात आधी लावायचा, बाहेरून दिसणारा थर), काचतंतूंच्या 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) मॅटचे दोन थर म्हणजे कापाकापीसकट 15 ग्रॅम, आणि 35 ग्रॅम रेझिन. मॅट 450ची घेऊ नये, एवढ्या लहान वळणावर ती बसत नाही, उचलते. कात्रीही नको. हाताने फाडून पाकळ्या कराव्यात. फाटलेली कड विरघळल्यासारखी मिसळते, कापलेल्या कडेची रेघ राहते.

निळा रंग जेलकोटमध्येच घोटला आहे, वजनाच्या 8 टक्के. वरून मारलेल्या रंगाचे पापुद्रे खाऱ्या हवेत सुटतात, हा सुटणार नाही.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) 1 टक्का, सिरिंजने मोजून. दुपारच्या उन्हात दीड टक्का टाकला तर ब्रश फिरेपर्यंत डब्यातच दही लागतं. पण 1च्या खालीही जाऊ नये, गोळा कच्चा राहतो. एका वेळी 100 ग्रॅमच कालवावं. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रावण) आधीच घातलेलं आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं. नसेल तर आधी कोबाल्ट पूर्ण घोटावं, मगच हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट कधीच ओतू नयेत, भडका उडतो.

पाच गोळे बाद झाले. तिघांवर जेलकोटला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या आल्या: थर पातळ होता, पुरता धरला नव्हता, आणि वरच्या रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकाने तो खाल्ला. बोट टेकवून बघावं. चिकट लागलं पाहिजे, पण निळा डाग बोटाला येता कामा नये. तेव्हाच मॅट टाकावी. उरलेल्या दोघांत पांढरे ढग राहिले, कारण मॅट दमट होती. आता मॅट हवाबंद पिशवीत सिलिका जेलसोबत असते, वापरण्याआधी तासभर उन्हात, आणि काम सकाळी 11 ते दुपारी 3 एवढंच. संध्याकाळचा दमटपणा साच्यावर बसला की गोळा सुटावा म्हणून लावलेलं मेणाचं पॉलिशही वाया.

चाकं ठरली: 5 इंची, रबरी, फिरती. 3 इंची चाकं जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांध्यांत अडकतात. पहिल्या कथेत डालेक धातूच्या फरशीतून स्थितिक वीज घेऊन चालतात, म्हणून शहराबाहेर पडूच शकत नाहीत. त्यामुळे घेराची खालची कड जमिनीलगत, सलग दिसली पाहिजे. एवढी मोठी चाकं लपवायला तळाची पट्टी वाढवावी लागेल, आणि तेवढी ती वाढवायची.

आवाजासाठी, बोलणं यांत्रिक खरखरीत करणारा 30 हर्ट्झचा रिंग मॉड्युलेटर: चार डायोड, दोन ट्रान्सफॉर्मर. डायोड मल्टिमीटरवर मोजून, फॉरवर्ड व्होल्टेज जुळणारे चारच घ्यावेत, नाहीतर गप्प असतानाही 30 हर्ट्झची घरघर गळत राहते.

पुढचा टप्पा मानेची जाळी. आत बसणारा माणूस तिथूनच बाहेर बघतो, म्हणून ती एसएसची, आतून काळी मारलेली.